पद्मिनीला इलेक्ट्रॉनिक इग्निशन : वायरिंग नेमकं कसं करावं?

तेलकट_बोटे
मंडळी, जाणकारांचा सल्ला हवाय.

घरी १९७८ ची प्रीमियर पद्मिनी आहे. १०८९ सीसी, पेट्रोल, निगेटिव्ह अर्थ (बॅटरीचं मायनस बॉडीला). मूळचा डायनामो वडिलांनीच काढून अल्टरनेटर बसवून घेतला होता. गाडी शोभेची नाही. दळणापासून ते गणपतीत राजापूरला जाण्यापर्यंत सगळी कामं करते.

वैताग एकाच गोष्टीचा, सीबी पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधला, कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच). हल्ली जे मिळतात त्यांची फायबरची टाच बघता बघता झिजते, गॅप मिटत जातो, ठिणगीचं टायमिंग मागे पडतं आणि चढ आला की गाडी दम टाकते. कंडेन्सर तर निव्वळ नशिबाचा भाग. नवा बसवावा आणि कोपऱ्यापर्यंत जाईतो मिसिंग (मधूनच ठिणगी चुकणं) सुरू!

शेवटी पॉइंटच्या जागी बसणारं मॉड्यूल मागवलं. डबीत दोन वायरी असलेलं मॉड्यूल (लाल आणि काळी), डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना पाळीपाळीनं करंट वाटणाऱ्या भागाच्या) कॅमवर चढवायची लोहचुंबकाची रिंग, गॅप मापायला प्लॅस्टिकची पट्टी आणि एक चिटोरं. चिटोऱ्यावर एवढंच की लाल कॉइलच्या प्लसला, काळी मायनसला.

आता प्रश्न. लाल वायर खरंच सरळ कॉइलवर घ्यायची की स्विचपासून वेगळी ओढायची? कंडेन्सर ठेवायचा की काढायचा? आणि आमचे मेकॅनिक म्हणतात कॉइल पण बदलावी लागेल, त्यात कितपत तथ्य आहे?

चकाट्या
मी पयला. चहा घेऊन बसलोय, होऊ द्या.

उद्यमनगरी
भावा, कशाला त्या डबीच्या नादाला लागलाईस? पॉइंट म्हंजे हातातली गोष्ट. फिलर गेज (गॅप मापायची पट्टी) नसलं तर पन्नास पैशाच्या पोस्टकार्डावर गॅप लावून माणसं पंढरपूरला जाऊन आलीत. काळं पडलं तर पॉलिश पेपर मारायचा. पॉइंट मरताना सांगून मरतो. आधी मिसिंग, मग सकाळी स्टार्टिंगला त्रास, मग बारकं बॅकफायर. डबी सांगत न्हाई. आंबा घाटात डबी गेली तर काय करणार, टाळ वाजवणार?

विद्युल्लता
उद्यमनगरींचा मुद्दा रास्त आहे, त्यावर नंतर येते. आधी धागाकर्त्याच्या प्रश्नाबद्दल.

पॉइंट म्हणजे एक स्विच, दुसरं काही नाही. तो मिटलेला असतो तेव्हा कॉइलच्या प्रायमरीतून साधारण ४ अँपिअर करंट जातो. उघडला की तो तुटतो आणि सेकंडरीत हजारो व्होल्ट तयार होतात. चार सिलिंडरच्या इंजिनात ३००० आरपीएमला हे सेकंदाला १०० वेळा होतं. तुमचं मॉड्यूल फक्त हा स्विच बदलतं. चुंबकाची रिंग फिरते, मॉड्यूलमधला हॉल सेन्सर (चुंबक ओळखणारा) ते ओळखतो आणि ट्रान्झिस्टर करंट तोडतो. कॉइल, कॅप, रोटर, प्लग, वायरी सगळं तेच राहतं. त्यामुळे "इलेक्ट्रॉनिक लावलं की गाडी उडते" वगैरे काही नसतं. फायदा इतकाच की घासणारी वस्तू उरत नाही, म्हणून टायमिंग एकदा लावलं की तिथंच राहतं.

कॉइल डोळे झाकून बदलू नका, आधी मापा. दोन्ही वायरी काढून मीटर ओहमवर ठेवा आणि प्लस-मायनसमध्ये बघा. ३ ओहमच्या आसपास आलं तर कॉइल ठेवा. १.५ आलं तर ती बॅलास्ट रेझिस्टरबरोबर (करंट आवरणाऱ्या रेझिस्टरबरोबर) चालवायची कॉइल आहे. तिला सरळ १४ व्होल्ट दिले तर ९ अँपिअरच्या घरात करंट जाईल आणि मॉड्यूल भाजून निघेल.

कंडेन्सर काढा. त्याचं काम पॉइंटवरची ठिणगी मारायचं, आता पॉइंटच नाहीत. फेकू मात्र नका.

लाल वायरीबद्दल आत्ता काही सांगत नाही. आधी हे मापून सांगा : बॅटरीवर किती व्होल्ट, आणि चावी फिरवून, पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या प्लसवर किती. पॉइंट उघडे असताना मापलंत तर करंटच वाहत नाही, सडक्या वायरीवरही छान साडेबारा दिसतात. बहुतेक लोक इथंच फसतात.

हडपसरी_सायलेन्सर
विद्युल्लता ताई, वाचनखूण साठवली. एक भर. चावी ऑन आणि इंजिन बंद असं फार वेळ ठेवू नका. रेडिओ ऐकत बसायची सवय असेल तर सोडा. पॉइंट मिटलेले राहिले तर कॉइल तापते, मॉड्यूल असेल तर तेही सोबत तापतं.

लेस्टरकर
इंग्लंडातून लिहितोय. माझ्याकडे मॉरिस मायनर आहे. ब्रिटिश गाडीवाल्यांसाठी मोठा धोक्याचा कंदील : मायनर शेवटपर्यंत पॉझिटिव्ह अर्थ होती, एमजीबी १९६७ पर्यंत. म्हणजे बॅटरीचं प्लस बॉडीला. अशा गाडीला निगेटिव्ह अर्थचं मॉड्यूल लावलं तर ते जागच्या जागी जातं, धूरसुद्धा निघत नाही. दोन प्रकारची मॉड्यूल वेगळी मिळतात, मागवतानाच सांगावं लागतं.

गाड्यांचे विजेचे भाग बनवणाऱ्या लूकास कंपनीला इथं सगळे "अंधाराचा राजपुत्र" म्हणतात हे तुम्हाला माहीत असेलच. तरी माझा डिस्ट्रिब्युटर लूकासचाच आहे आणि तो अजून फिरतो.

आणखी एक. प्लगच्या वायरी साध्या तांब्याच्या तारेच्या असतील तर त्यांच्यातून निघणाऱ्या गोंगाटानं काही मॉड्यूल गोंधळतात, वरच्या आरपीएमला मिसिंग येतं. रेझिस्टरवाल्या वायरी किंवा रेझिस्टरवाले प्लग कॅप लावा.

चकाट्या
पॉझिटिव्ह अर्थ म्हणजे पॉझिटिव्ह थिंकिंगचे क्लास चालवतात तसं काही का? हलके घ्या.

मडगांवकार
माझी पद्मिनी गोव्यात. पॉइंट, मॉड्यूल नंतर, आधी वायरी बघ रे बाबा. खाऱ्या हवेन वायरींच्या जोडांवर हिरवो थर चढता. वरून बघशी तर एकदम ठीक, आतली तार काळीभोर. मी इग्निशनची वायर सोलली तर बोटभर आतपर्यंत काळी. ती कापून नवी दीड स्क्वेअर एमएमची ओढली, टोकांना लग क्रिंप करून वर हीट श्रिंक चढवली. मॉड्यूल न लावताच अर्धी गाडी सुधारली.

आरटीओ_पीडित
अवांतर : १९७८ ची आहे म्हणजे लवकरच पन्नाशी गाठेल. २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारनं व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली गाडी असेल तर नंबरात व्हीए मिळतो, पहिल्या नोंदणीला २०,००० रुपये. पण मग ती रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. दळण आणायला जाता येणार नाही, साहेब!

तेलकट_बोटे
@आरटीओ_पीडित, दळण रद्द होणार असेल तर व्हीए नको. :)

बाकीच्यांचे आभार. मापून आलो. कॉइल ३.१ ओहम. बॅटरीवर १२.६. कॉइलच्या प्लसवर पॉइंट उघडे असताना १२.४ आणि मिटलेले असताना ९.८! विद्युल्लता ताईंनी सांगितलं नसतं तर मी १२.४ बघून खूश होऊन बसलो असतो. पांढऱ्या चिनी मातीचा बॅलास्ट वगैरे कुठे दिसत नाही.

विद्युल्लता
म्हणजे पावणेतीन व्होल्ट वाटेतच खाल्ले जातायत. करंट तीन-सव्वातीन अँपिअर धरला तर वाटेत जवळजवळ एक ओहम आहे. इग्निशन स्विचचे आतले कॉन्टॅक्ट, फ्यूज बॉक्सच्या पट्ट्या आणि जोड, सगळ्यांनी मिळून ते खाल्लेत. पॉइंटला फरक पडत नाही, तो कमी व्होल्टला पण उघडतो-मिटतो, फक्त ठिणगी मरतुकडी होते. मॉड्यूलला पडतो. सेल्फ मारताना बॅटरी दहावर येते, त्यातून हे दोन-अडीच वजा केले तर साडेसात उरतात. बऱ्याच मॉड्यूलना ८ च्या खाली काम करणं जमत नाही. मग थंडीत गाडी सुरू होत नाही आणि लोक मॉड्यूलला शिव्या देतात. म्हणून मध्ये रिले लावा, म्हणजे छोट्या करंटनं मोठा करंट जोडणारा स्विच.

हडपसरी_सायलेन्सर
स्विच बदला, वायर बदला, विषय संपला. रिले-बिले कशाला? जितके जोड जास्त तितकी भानगड जास्त.

उद्यमनगरी
सायलेन्सर बरोबर बोलतोय. (पहिल्यांदाच.)

विद्युल्लता
वायर बदला हे शंभर टक्के मान्य. पण जुन्या स्विचचे कॉन्टॅक्ट तुम्ही कितीही घासा, त्यातून कायम चार-पाच अँपिअर नेणं मला पटत नाही. साधा चार पायांचा रिले घ्या. ३० ला बॅटरीवरून १० अँपिअरचा फ्यूज घालून वायर. ८७ वरून कॉइलच्या प्लसला, आणि मॉड्यूलची लाल तिथंच. ८५ बॉडीला, रंग खरवडून. ८६ ला इग्निशनची जुनी वायर, जी आत्ता कॉइलवर येते ती. आता स्विचला फक्त रिलेचा दीड-पावणेदोनशे मिलिअँपिअर करंट पेलायचाय, आणि कॉइलला बॅटरीचे व्होल्ट थेट मिळतात.

मॉड्यूलच्या वायरींना डिस्ट्रिब्युटरच्या आत थोडी ढील ठेवा, पण फिरणाऱ्या भागाला घासेल इतकी नको. बाहेर येताना रबरी ग्रोमेट हवाच.

काळ्यापिवळ्याचा_पोरगा
धागा वाचून जुने दिवस आठवले. माझे वडील मुंबईत पद्मिनी टॅक्सी चालवायचे. २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली तेव्हा त्यांनी पेपरातलं कात्रण काढून ठेवलं. शेवटची नोंदणी २००३ ची होती आणि मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ती तारीख. वडिलांचं म्हणणं, टॅक्सी बंद पडली की दहातल्या आठ वेळा पॉइंट नाहीतर कंडेन्सर. बाकी दोन वेळा पेट्रोल पंप तापलेला. मग त्यावर ओलं फडकं टाकायचं आणि पॅसेंजरला सांगायचं, "साहेब, पाच मिनिटं, चहा घ्या."

हडपसरी_सायलेन्सर
ओल्या फडक्यावरून : घाटात गाडी बंद पडली की सगळे सरसकट "करंट येत नाही" म्हणतात. आधी बघा तर! प्लगची वायर काढून इंजिनाच्या ब्लॉकपासून थोडी लांब धरा (चांगल्या इन्सुलेशनच्या पक्कडीत, हातात नको), सेल्फ मारायला सांगा. निळी ठिणगी कडक मारत असेल तर इग्निशनला दोष देऊ नका, पेट्रोलची वाफ झालीय.

मडगांवकार
आणि आता सगळीकडे ई-२० (वीस टक्के इथॅनॉल मिसळलेला पेट्रोल). जुन्या रबरी नळ्या बदलल्या नसशीत तर आधी त्या बदल. इथॅनॉलान रबर चिवट होता नी मग तडे जातत. इंजिनाच्या गरम डोक्यावर पेट्रोल ठिबकला तर वायरिंगचो धागो नको, अग्निशमनाचो काढूक लागतलो.

तेलकट_बोटे
धागा वर काढतोय. नळ्या बदलल्या, वायर नवी ओढली, रिले लावला, मॉड्यूल बसवलं. प्लॅस्टिकच्या पट्टीनं गॅप लावला, स्ट्रोब लाइटनं टायमिंग परत लावलं. बरंच हललं होतं, पॉइंटच्या जुन्या खुणेवर अजिबात विसंबू नका. एका सेल्फमध्ये सुरू. आयडलिंग असं की बॉनेटवर ठेवलेला स्क्रू ड्रायव्हर घरंगळत नाही.

आता नवीन नाटक. गाडी बंद होत नाही. चावी फिरवली, चावी काढून खिशात घातली, गाडी आपली टुकटुक चालूच! गियरमध्ये टाकून क्लच सोडून बंद करावी लागते. सोसायटीचा वॉचमन म्हणाला, "साहेब, अंगात आलंय."

चकाट्या
चावीशिवाय चालणारी गाडी! लोक यासाठी लाखो रुपये जास्त मोजतात, तुम्हाला फुकटात मिळाली.

उद्यमनगरी
म्हटलं नव्हतं? नाद करायचा न्हाई डबीचा.

हडपसरी_सायलेन्सर
हे डिझेलिंग असणार. कार्बन साठला की पिस्टनवरच्या तापलेल्या कणांनी पेट्रोल आपोआप पेटतं. आयडलिंग कमी करा, प्लगची हीट रेंज बघा.

लेस्टरकर
डिझेलिंगमध्ये गाडी गचके खाते, खोकते, आणि थोड्या वेळात मरते. धागाकर्ते म्हणतात टुकटुक नीट चालते. म्हणजे ठिणगी व्यवस्थित पडतेय.

विद्युल्लता
लेस्टरकरांशी सहमत. तेलकट_बोटे, दोन गोष्टी बघून सांगा. चावी काढल्यावर गाडी चालू असताना डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणतोय का? आणि तेव्हाच वायपरचं बटण दाबलं तर काय होतं?

तेलकट_बोटे
ताई, तुम्ही कुठून बघताय? दिवा मिणमिणतोय, उन्हात हात आडवा धरला तेव्हा दिसला. आणि वायपर चालू केला की वायपर इंचभर हलतो आणि गाडी गप्प!! बायकोनं टाळ्या वाजवल्या.

विद्युल्लता
मग सापडलं. यात मॉड्यूलचा काही दोष नाही, डबीला आता सोडा.

चार्जिंगच्या दिव्याचं एक टोक इग्निशन स्विचनंतरच्या लाइनवर असतं, दुसरं अल्टरनेटरला. चावी ऑन, इंजिन बंद असताना करंट स्विचकडून दिव्यातून अल्टरनेटरकडे जातो, म्हणून दिवा लागतो. इंजिन सुरू झालं की दोन्ही टोकांना सारखेच व्होल्ट, दिवा विझतो. आता तुम्ही चावी बंद केलीत. स्विचकडचं टोक मोकळं झालं, पण अल्टरनेटर फिरतोच आहे आणि १४ व्होल्ट देतो आहे. करंट उलटा निघाला : अल्टरनेटर, दिवा, इग्निशनची लाइन, आणि तिथून रिलेची कॉइल. पूर्वी हाच करंट इग्निशन कॉइलला पुरायचा नाही, तिला चार अँपिअर लागतात, म्हणून गाडी बंद व्हायची. रिलेला मात्र शे-दीडशे मिलिअँपिअर पुरतात, आणि एकदा खेचला गेलेला रिले चार-पाच व्होल्टवरही धरून राहतो. रिले धरला की इग्निशन कॉइलला बॅटरी थेट.

वायपर सुरू केलात की त्यानं तो एवढासा करंट पिऊन टाकला, व्होल्ट पडले, रिले सुटला.

उपाय रुपया-दोन रुपयांचा. १ एन ४००७ डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा) घ्या, चार्जिंगच्या दिव्याकडून अल्टरनेटरला जाणाऱ्या वायरीत सिरीजमध्ये घाला. पांढरा पट्टा अल्टरनेटरच्या बाजूला. दिवा दोन-तीन वॉटचा, म्हणजे पाव अँपिअरच्या आत. डायोड एक अँपिअरचा आहे, आरामात चालेल. दिव्याचा बल्ब काढून एलईडी टाकू नका. सुरुवातीला अल्टरनेटरला जागं करायला त्याच बल्बमधून करंट मिळतो, एलईडीतून तेवढा जात नाही.

हडपसरी_सायलेन्सर
_/\_ डिझेलिंगचा प्रतिसाद काढून टाकला आहे असं समजावा.

उद्यमनगरी
ताई, तुमी कोल्हापूरला या, उद्यमनगरात गॅरेज टाकून देतो. पॉइंटवाल्या गाड्या पण येतील, अडचण न्हाई.

तेलकट_बोटे
तपकीर गल्लीत डायोड मागितला. दुकानदार म्हणाला एक देत नाही, दहाची पट्टी घ्या. नऊ शिल्लक आहेत, पुण्यातल्या कुणाला हवे असतील तर घेऊन जा.

बसवला, वर हीट श्रिंक. चावी फिरवली की गाडी बंद! सुरू असताना कॉइलवर १३.८. पहाटेच्या गारठ्यात चोक ओढून पहिल्या सेल्फला सुरू झाली.

उद्यमनगरी
अभिनंदन भावा. आता खरं सांग, जुने पॉइंट कुठं टाकलेस?

तेलकट_बोटे
टाकले नाहीत. पॉइंट, कंडेन्सर, फिलर गेज आणि छोटा स्क्रू ड्रायव्हर एका डब्यात घालून डिकीत ठेवलेत. तुमचा मुद्दा मला पटलाच होता. मॉड्यूल जाईल तेव्हा न सांगता जाईल.

विद्युल्लता
उत्तम. फक्त एकदा घरी, उजेडात, ही अदलाबदल करून बघा. मॉड्यूल काढायचं, चुंबकाची रिंग कॅमवरून उपसायची (ती घट्ट बसते, रोटरच्या खाली बोटं जात नाहीत, दोन्ही बाजूंनी सारखं उचलावं लागतं), पॉइंट, कंडेन्सर, गॅप. टायमिंग थोडं चुकलं तरी घरी येण्यापुरतं चालतं. घाटात अंधारात टॉर्च तोंडात धरून पहिल्यांदा करायला जाऊ नका.

उद्यमनगरी
आणि डब्यात एक पोस्टकार्ड पण टाक.

नवा_भिडू
नमस्कार, धागा पूर्ण वाचला. माझ्याकडे १४८९ सीसीची अॅम्बेसेडर आहे, तिला असंच मॉड्यूल आहे. आयडलिंगला ठीक चालते, अॅक्सिलरेटर दिला की मिसिंग. कॉइल ३ ओहम, व्होल्ट पूर्ण. कॉइल बदलू का?

विद्युल्लता
नको. कॅप काढा आणि प्लेटला (मॉड्यूल जिच्यावर बसतं ती) अर्थ देणारी बारीक वेणीची वायर बघा. व्हॅक्यूम अॅडव्हान्समुळे (इंजिनाच्या ओढीनं टायमिंग पुढे नेणाऱ्या यंत्रणेमुळे) प्लेट सतत मागेपुढे हलते, ती वायर वरच्या कापडाच्या आत तुटते आणि वरून दिसत नाही. मीटरचं एक टोक प्लेटवर, दुसरं इंजिनाच्या ब्लॉकवर ठेवा, व्हॅक्यूमच्या नळीतून तोंडानं ओढून प्लेट हलवा आणि रीडिंग हलतं का ते इथं सांगा.

नवा_भिडू
हलतंय. ०.३ ओहमवरून एकदम उघडं, म्हणजे वायर तुटलीय.

हडपसरी_सायलेन्सर
आमच्याकडे अॅम्बेसेडरचा जुना डिस्ट्रिब्युटर पडलाय, त्यातली वायर शाबूत आहे. व्यक्तिगत निरोप करा.